आजचं चिंतन : शर्यत संपलेल्या घोड्याचं पाणी



आज महाभारताच्या द्रोणपर्वातला एक छोटा प्रसंग घेऊया. युद्धाचा चौदावा दिवस. आदल्या दिवशी अभिमन्यू गेलाय आणि अर्जुनाने प्रतिज्ञा केलीय की सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाही तर स्वतः अग्नीत जाईन. म्हणजे डेडलाइन पक्की आहे आणि ती पुढे ढकलता येत नाही. कौरवांचं सैन्य मध्ये उभं आहे, जयद्रथ खूप लांब आहे, ऊन चढलंय. आणि अशा वेळी रथाचे घोडे थकतात. अंगात बाण रुतलेले, तोंडाला फेस, पाय थरथरतायत.

इथे महाभारत जे सांगतं ते मला प्रत्येक वेळी नवीन वाटतं. अर्जुन रथातून खाली उतरतो आणि पायी उभा राहून एकटा सगळ्या सैन्याला थोपवतो. श्रीकृष्ण म्हणतो, घोड्यांना पाणी हवंय. अर्जुन बाण मारून जमिनीतून पाणी काढतो, तिथे तळं तयार होतं. मग प्रत्यक्ष भगवंत घोडे सोडतो. एकेक बाण स्वतःच्या हाताने उपसतो, अंग चोळतो, त्यांना मातीत लोळू देतो, पाणी पाजतो, आंघोळ घालतो, चारा देतो. चहूबाजूंनी युद्ध चालू आहे, सूर्य कलतोय, आणि जगाचा सारथी खरारा करत बसलाय.

आपल्या वाचनात घोडे बहुतेक वेळा रूपक म्हणून येतात. कठोपनिषदातला रथ आपल्याला पाठ असतो: शरीर म्हणजे रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. त्यामुळे घोडा म्हटलं की आपल्याला लगेच "ताबा" हा शब्द आठवतो. द्रोणपर्वातला घोडा मात्र कशाचंही रूपक नाहीये. त्याला तहान लागलीय, त्याला दुखतंय, आणि देव त्याचं ते दुखणं दुखणं म्हणूनच बघतो.

आता प्रश्न असा. हे घोडे परत रथाला जुंपायचे होते. त्यांना पाणी पाजलं कारण त्यांनी अजून धावायचं होतं. समजा त्यांनी धावायचं नसतं, तर? ज्याच्याकडून आपलं काम करून घेतलं आणि ज्याचं काम आता संपलंय, त्याचं आपण काय लागतो? हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही, तो परभणी जिल्ह्यातून आला.

पाव्हणा

मी मूळचा परभणीचा, नोकरीला पुण्यात. माझ्या शाळेतल्या एका मित्राची गंगाखेडजवळ शेती आहे. त्याच्याकडे सध्या एक घोडा आहे. उंच, पातळ कातडीचा, लांब मानेचा. आपल्याकडच्या बाजारात दिसणाऱ्या घोड्यांपेक्षा अगदी वेगळा. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं की हा थरोब्रेड आहे, शर्यतीचा घोडा. शर्यतीनंतर तो दोन-तीन हात बदलत लग्नाच्या वरातीत आला होता. पुढच्या पायाला जुनी दुखापत, बरगड्या मोजता येतील अशी अवस्था. वरातीवाल्याला तो परवडेना, कापणाऱ्याच्या हाती जाईल म्हणून मित्राने तो घेतला. घोड्याचं शर्यतीतलं नाव कुणालाच माहीत नाही.

मित्राची आई त्याला "पाव्हणा" म्हणते. मी सुट्टीत गेलो तेव्हा विचारलं, "काकू, हा काय काम करतो?" त्या चारा टाकता टाकता म्हणाल्या, "पाव्हण्याला कुटं काम सांगतेत का रे बाबा?"

मला हे उत्तर गोड वाटलं, पण पुरेसं वाटलं नाही. कारण त्याच गावात दुसरा आवाजही आहे, आणि तो चुकीचा आहे असं मला म्हणवत नाही. शेजारचे एक आजोबा सरळ म्हणाले, "माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् ह्या घोड्याला रोज दोन घागरी? काय उपेग त्याचा?" ज्यांनी आयुष्यभर मराठवाड्याचा उन्हाळा काढलाय, 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं पाहिलंय, त्यांचा प्रश्न निष्ठुर नाही. तो हिशोबाचा प्रश्न आहे. म्हणून आधी हिशोब करूया.

हिशोब

साधारण साडेचारशे ते पाचशे किलोचा घोडा. दिवसाला 30 ते 40 लिटर पाणी, परभणीच्या मे महिन्यात त्याहून जास्त. आठ-दहा किलो सुका चारा. घोडा 25 ते 30 वर्षं जगतो. शर्यतीत तो दोन वर्षांचा असताना उतरतो आणि बहुतेकांची कारकीर्द काही वर्षांतच संपते. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग हा शर्यत संपल्यानंतरचा असतो.

एक शर्यत किती वेळ चालते? हजार मीटरची असेल तर साधारण एक मिनिट. 1943 पासून होणारी इंडियन डर्बी 2400 मीटरची, म्हणजे अडीच मिनिटांच्या आसपास. त्या एका-दोन मिनिटांसाठी घोड्यावर अफाट खर्च होतो. चांगली चंदी, स्वच्छ तबेला, मोतद्दार, नालबंद, डॉक्टर. हे खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. शर्यतीच्या तबेल्यात घोड्याची हेळसांड होते असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. उलट तिथे त्याची जितकी निगा राखली जाते तितकी क्वचितच कुठे राखली जात असेल.

पण "निगा" आणि "सेवा" हे दोन वेगळे शब्द आहेत. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरची निगा राखतो. तो थंड राहील, बंद पडणार नाही, वेळेवर अपडेट होईल हे बघतो. त्याचं काम संपलं की डीकमिशन करतो आणि कुणाला वाईट वाटत नाही. वाटायचं कारणही नाही, सर्व्हरला तहान लागत नाही. घोड्याचं काम संपलं तरी त्याची तहान संपत नाही. ती पुढची वीस वर्षं रोज लागते.

आणि काम संपल्यावर तो जातो कुठे? काही चांगल्या घरी जातात, रायडिंग स्कूलमध्ये जातात. काही प्रजननासाठी ठेवले जातात. बाकीचे हात बदलत वरातीत, पर्यटकांच्या फेऱ्यांना, टांग्याला जातात. मुंबईतल्या व्हिक्टोरिया आठवतात? 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितलं. नंतर 2021 मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या. गाडीला पर्याय मिळाला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण गाडीला बॅटरी बसवली म्हणून काम गेलेल्या घोड्याची भूक मिटत नाही.

आणखी एक जागा आहे जिथे असे घोडे जातात, आणि ती आपल्या परभणीच्या फार जवळची आहे. शेतात नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं चावलं की सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, ते घोड्याच्या रक्तातून बनतं. घोड्याला विषाचे अगदी छोटे डोस वाढवत वाढवत देतात, त्याचं शरीर विषाशी लढायचे प्रतिपिंड तयार करतं, मग त्याचं रक्त काढून त्यातून औषध बनवतात. मुंबईची हाफकिन संस्था अनेक दशकं हे काम करत आली आहे. या कामाला ठेवलेल्या घोड्यांत शर्यतीतून बाद झालेलेही असतात. म्हणजे रात्री कापसाला पाणी द्यायला गेलेला आपला एखादा काका साप चावूनही घरी परत आला असेल, तर त्याच्या नसांतून कुठल्या तरी अनोळखी घोड्याने सोसलेलं काहीतरी वाहून गेलेलं आहे.

आपल्या परंपरेत याला एक शब्द आहे: ऋण. रोजच्या पंचमहायज्ञात एक भूतयज्ञ आहे, प्राणिमात्रांसाठी बाजूला काढायचा घास. तो घास काढताना समोरचा प्राणी उपयोगाचा आहे का हे विचारायचं नसतं. आपण आधीच खूप घेतलेलं आहे हे मान्य करूनच तो काढायचा असतो. तेव्हा "ह्या घोड्याचा काय उपेग?" या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं की उपयोग होऊन गेलाय. आता त्याची परतफेड चालू आहे. माझ्या मित्राने त्या घोड्यावर एक रुपयाही कधी लावला नव्हता हे खरं. पण ऋण समाजाचं असतं आणि फेडणारा अनेकदा दुसराच कुणीतरी असतो.

माया पुरेशी नाही

घोडा आला त्या दिवशी मित्राच्या घरच्यांना वाटलं, बिचारा उपाशी आहे, पाटीभर हरभरा आणि ज्वारी पुढे ठेवावी. डॉक्टरांनी अडवलं म्हणून बरं. खूप दिवस उपाशी असलेल्या घोड्याला एकदम भरपूर दाणा दिला तर रक्तातले क्षार बिघडून तो मरू शकतो. पोटशूळ उठू शकतो, खुरांना सूज येऊन कायमचा पांगळा होऊ शकतो. घोड्याला उलटीही होत नाही, त्यामुळे एकदा पोटात गेलेलं परत बाहेर काढता येत नाही. म्हणून सुरुवातीला थोडी थोडी लसूणघासाची वैरण, दिवसातून अनेक वेळा. दाणा बंद. मग आठवड्यांमागून आठवडे हळूहळू वाढवत जायचं.

मला त्यातून एक नवीन गोष्ट कळली. घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं, तो खात असो वा नसो. आणि ते आम्ल शमवणारी लाळ फक्त चावताना सुटते. निसर्गात घोडा दिवसाचे चौदा-पंधरा तास चरत असतो, म्हणून त्याचं जमतं. शर्यतीच्या तबेल्यात दिवसाचा बराच वेळ बंद खोलीत, दाणा जास्त आणि गवत कमी, त्यामुळे पोटात व्रण होणं ही त्या घोड्यांची अगदी नेहमीची तक्रार. बाहेरून तुकतुकीत आणि आतून जळणारं पोट. ऑफिसात ॲसिडिटीची गोळी खिशात ठेवून फिरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग दात. घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात आणि कडा धारदार होतात, त्या कानशीने घासाव्या लागतात, नाही तर चारा चावताना गाल कापतो. मग खूर. मग पाय. त्याच्या पुढच्या पायाचा टेंडन, म्हणजे मागच्या बाजूने जाणारा दोरीसारखा भाग, कधीतरी फाटून कसातरी जुळला होता. डॉक्टर म्हणाले, चालेल, हळू पळेलही, पण याच्या पाठीवर पुन्हा वजन नको.

द्रोणपर्वातला तो प्रसंग परत वाचताना मला एक तपशील दिसला, जो आधी नजरेतून सुटायचा. महाभारत तिथे श्रीकृष्णाला नुसता दयाळू म्हणत नाही, अश्वविद्येत निपुण म्हणतं. देवाला घोड्याची माया आहेच, पण त्याला घोडा *कळतो* सुद्धा. बाण कसा काढायचा, कुठे चोळायचं, लोळू कधी द्यायचं, पाणी कधी पाजायचं. सेवा म्हणजे भावना अधिक अभ्यास. नुसत्या भावनेने पाटीभर हरभरा पुढे ठेवला तर समोरचा जीव जाऊ शकतो. हे माणसांच्या बाबतीतही खरं आहे. आजारी, खचलेल्या माणसावर आपण आपल्या मायेची पाटी ओततो आणि त्याला झेपेल का हे बघत नाही.

लगाम ओढला की पळायचं

सगळ्यात जास्त वेळ लागला तो पोटाला नाही, मनाला. मोकळ्या वावरात सोडल्यावर हा घोडा पहिले काही दिवस कुंपणाच्या एकाच कोपऱ्यात उभा राहायचा. डोकं डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, तासन् तास. एकटं आणि कोंडून राहिलेल्या घोड्यांना ही सवय लागते. घोडा कळपात राहणारा प्राणी. म्हणून मित्राने त्याच्याजवळ एक शेळी बांधली. शर्यतीच्या घोड्यांना शेळीची सोबत देण्याची पद्धत जुनीच आहे. हळूहळू डोकं हलणं कमी झालं. शेळी चरायला पुढे गेली की हा मागे मागे जायला लागला.

आणि एक गंमत डॉक्टरांनी सांगितली. साधा घोडा लगाम ओढला की थांबतो. शर्यतीचा घोडा उलटा शिकलेला असतो. तो लगामाच्या ताणावर रेलून पळतो, ताण वाढला की त्याला वाटतं अजून जोरात जायचंय. त्याला थांबवण्यासाठी जितकं ओढाल तितका तो पळेल. थांबायला शिकवायचं असेल तर आधी लगाम सैल सोडावा लागतो.

हे ऐकल्यावर मी बराच वेळ गप्प होतो. आपली पिढी अशीच तयार झालीय ना. मार्क, एंट्रन्स, प्लेसमेंट, ॲप्रेझल. एक स्प्रिंट संपला की दुसरा. ताण आला की आपण थांबत नाही, अजून जोर लावतो. साधनाही आपण तशीच करतो. आज किती माळा झाल्या, किती दिवसांची स्ट्रीक झाली. कठोपनिषदाने लगाम म्हणजे मन असं सांगितलं तेव्हा लगाम सतत खेचून धरा असं नव्हतं सांगितलं. ज्याला सैल सोडणंही जमतं तोच सारथी.

म्हणजे धावणंच वाईट का? अजिबात नाही. आषाढी वारीत रिंगण पाहिलंय ना? अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आलेले अश्व रिंगणात धावतात. एकावर स्वार असतो, दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. तिथेही गर्दी आहे, जल्लोष आहे, घोडा जिवाच्या आकांताने पळतोय. फरक एवढाच की रिंगणात कुणी हरत नाही. घोडा पुढे गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात, मागे पडला म्हणून त्याला कुणी विकत नाही. धावणं तेच. त्याच्या धावण्यावर आपण काय लावलंय, एवढ्यात सगळा फरक.

तिसरी पायरी

सहा-सात महिन्यांनी घोडा भरला, अंगावर तेज आलं. आणि मग खरी परीक्षा आली. लग्नसराई सुरू झाली आणि मित्राला फोन यायला लागले. "आता तर तब्येत चांगली झालीय, वरातीला द्या, चाऱ्याचा खर्च तरी निघेल." बोलणारे वाईट लोक नव्हते. खर्चही खोटा नव्हता, त्या वर्षी सोयाबीनला भाव नव्हता. मित्राने मला विचारलं, "तू एवढं वाचतोस लेका, सांग, काय करू?"

मी त्याला जे सांगायचा प्रयत्न केला ते इथे नीट मांडतो. मला यात तीन पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी : पुढे काम आहे म्हणून पाणी पाजायचं. ही निगा. तबेल्यात हीच चालते. कुरुक्षेत्रावरच्या प्रसंगातही ही आहे, ते घोडे परत जुंपायचेच होते. तरी त्या पहिल्या पायरीवरही भगवंताने घाई केली नाही हे विसरू नका. सूर्य कलत असताना लोळू दिलं.

दुसरी पायरी : मागे काम केलंय म्हणून पाणी पाजायचं. ही कृतज्ञता, ऋणफेड. आपला शेतकरी पोळ्याला हेच करतो. आदल्या दिवशी खांदेमळणी असते. ज्या खांद्यावर वर्षभर जू बसलं तोच खांदा हळद-तुपाने चोळायचा, आणि उद्या जेवायला या म्हणून बैलाला आवतण द्यायचं. वर्षभर ज्याला हाकललं त्याला एक दिवस पाहुणा करायचं.

तिसरी पायरी : तहान आहे म्हणून पाणी पाजायचं. बस. मागचं काही नाही, पुढचं काही नाही. ही पायरी दाखवणारे आपल्या गोदाकाठचेच आहेत. पैठणचे संत एकनाथ महाराज. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेले, वाटेत वाळूत एक गाढव तहानेने तडफडताना दिसलं. महाराजांनी रामेश्वराच्या अभिषेकाचं पाणी त्या गाढवाच्या तोंडात ओतलं. विचार करा, त्या गाढवाचं महाराजांवर कसलंही ऋण नव्हतं. ते उठून त्यांचं ओझंही वाहणार नव्हतं. आणि ते पाणी फालतू उरलेलं पाणी नव्हतं, महिनोन् महिने खांद्यावर वाहून आणलेलं, देवासाठी राखलेलं होतं. आपल्याकडे असलेलं सगळ्यात मोलाचं पाणी, सगळ्यात निरुपयोगी जिवाला.

पैठणच्या धरणाच्या जलाशयाला आपण नाथसागर म्हणतो. त्याच जायकवाडीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात येतो. नाथांच्या नावाचं पाणी आपल्या शेतात येतं, आणि आपण त्या पाण्याकडे बघून विचारतो की घोड्याचा काय उपेग.

आता त्या आजोबांच्या प्रश्नाकडे परत येऊया, कारण नाथांचं नाव घेऊन तो टाळता येत नाही. खरोखर एकच तांब्या असेल आणि एकीकडे लेकरू, एकीकडे घोडा असेल, तर लेकराला द्यावं. मला यात शंका नाही. पण आपल्यापुढे ही निवड किती वेळा येते? गावात जल जीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी दिवसाला 55 लिटर आहे. शहरासाठीचं प्रमाण माणशी 135 लिटर. म्हणजे पुण्यात माझ्या वाट्याचं जे गृहीत धरलंय ते गावातल्या माणसापेक्षा 80 लिटरने जास्त आहे. त्यात दोन घोडे पाणी पितील. मग घोड्याच्या बादलीवर बोट ठेवणारा हिशोब माझ्या शॉवरवर बोट का ठेवत नाही? टंचाईत सगळ्यात आधी कुणाचं पाणी तोडायचं हे आपण उपयोगावरून ठरवतो आणि उपयोग कोणाचा किती हे ठरवणारेही आपणच असतो. करुणा शिल्लक राहिल्यावर करायची असं ठरवलं तर ती कधीच होणार नाही. त्या चौदाव्या दिवशी अर्जुनाकडेही शिल्लक वेळ नव्हता.

राहिला वरातीचा प्रश्न. मी मित्राला म्हणालो, कामच करायचं नाही असा काही धर्म नाही. निरोगी घोड्याने थोडं काम केलं, लेकरांना हळू फिरवलं, तर त्यात पाप नाही. काहींना ते आवडतंही. पण एक गोष्ट बघ. त्याचं पाणी त्या कामावर अवलंबून आहे का? काम केलं तरच राहायचं, असं असेल तर तू त्याला वाचवलं नाहीस, फक्त मालक बदललास. आणि याच्या पायाला तर वजन चालणारच नाही, म्हणजे इथे प्रश्न अगदी स्वच्छ आहे.

तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे आईचंच खरं. पाव्हणा."

तेव्हा मला काकूंच्या शब्दाचा अर्थ लागला. पाहुणा म्हणजे ज्याला आपल्या घरात येण्याचं कारण सांगावं लागत नाही. तो दारात आला की आधी तांब्याभर पाणी, मग बाकीचं बोलणं. पाणी आधी आणि प्रश्न नंतर, हा क्रम आपल्या घरांनी शेकडो वर्षं सांभाळलाय. काकूंनी फक्त तो क्रम घोड्यालाही लावला. आम्ही तीन पायऱ्या चढत तिथे पोचलो, त्या पहिल्या दिवसापासून तिथेच उभ्या होत्या.

एक सावधगिरी मात्र. तिसऱ्या पायरीवरूनही घसरता येतं. "घोडा पाळतोय, मोठं पुण्य लागेल" असं मनात आलं की घोडा परत कामाला लागला. आधी तो पैसे आणत होता, आता पुण्य आणतोय. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. त्यांच्या कथेत देव स्वतः जात्याला हात लावतो. दासीचं काम देव करतो आणि त्याबद्दल काही मागत नाही. आपल्याला सेवा करायची असेल तर निदान तेवढं तरी शिकावं, की समोरच्याने आपल्याला काही परत द्यायलाच हवं असं नाही. कृतज्ञ नजर सुद्धा नाही. घोडा अजूनही अनोळखी माणूस दिसला की कान मागे पाडतो. पाडू दे.

आजचा अभ्यास

एक, येत्या लग्नसराईत कुणाच्या वरातीला घोडा ठरवत असतील तर तुम्ही एवढं विचारा : त्याच्या सावलीची आणि पाण्याची सोय आहे का, तो लंगडतोय का, त्याच्या कानाशी डीजे आणि पायाशी फटाके असणार आहेत का. आणि घोड्याशिवायही लग्न लागतं हे घरच्यांना सांगून बघा.

दोन, आपल्या आसपास असा एक जीव शोधा ज्याचं आपल्यापुरतं काम संपलंय. निवृत्त झालेले सर, पूर्वी घरी काम करणाऱ्या मावशी, घरात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेले आजोबा, सोसायटीतलं म्हातारं कुत्रं. आज त्यांच्याकडे काही कामासाठी जाऊ नका. नुसते जा, आणि जाताना पाणी घेऊन जा.

तीन, झोपण्याआधी पाच मिनिटं नामस्मरण करा आणि किती झालं ते मोजू नका. लगाम सैल सोडून बघा.

राम कृष्ण हरी.